जुनी कुटुंबकथा आणि नवा सांगणारा

जुनी गोष्ट नव्यानें सांगावी कीं नाहीं, हा प्रश्न आमच्याकडे कोणी फारसा विचारीत नाहीं. कारण ज्या समाजानें एकाच रामकथेला शेंकडों वेळां नवीं वस्त्रें नेसविलीं त्यास असा प्रश्न पडावा तरी कसा? खरा प्रश्न निराळाच आहे. गोष्ट नव्यानें सांगतांना काय बदलावें व काय बदलूं नये. आणि विशेषतः त्या गोष्टींतील माणसांच्या देण्याघेण्याचा जो हिशेब जुन्या सांगणाऱ्यानें झांकून ठेवला असेल, तो उघडा करण्याचा अधिकार नव्या सांगणाऱ्यास आहे कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. आमच्यापुढें तो ग्रंथांतून आला नाहीं. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत करमाळा तालुक्यांतील उजनीकांठच्या एका गांवीं, एका स्नेह्यांच्या घरीं, दूरचित्रवाणीसमोर बसलों असतां तो आला. म्हणून प्रथम तो प्रसंगच सांगणें बरें.

उजनीचें धरण भीमेवर आहे. त्याचें काम १९६९ सालीं सुरू झालें व १९८० सालीं पुरें झालें. पाणी मागें पसरत गेलें आणि करमाळा, इंदापूर, कर्जत या बाजूंचीं नदीकांठचीं कितीएक गांवें त्याच्या पोटांत गेलीं. या जलाशयास यशवंतसागर असें भारदस्त नांव आहे. पण गांवकरी नुसतें 'धरण' म्हणतात. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ अब्ज घनफुटांच्या वर, मृतसाठा धरला आहे. उपयोगांत आणावयाचें पाणी संपलें कीं या भागांत शून्याच्या खालचे टक्के मोजूं लागतात, व धरण 'उणें' झालें असें म्हणतात. त्या वर्षीं हा आंकडा उणे पन्नासाच्याही खालीं गेला होता. धरण असें उणें झालें म्हणजे पाण्याखालचें वर येऊं लागतें. पलीकडच्या तीरावर जुन्या पळसदेवाचें हेमाडपंती देऊळ दिसूं लागतें. अलीकडे कुगांवाजवळ इनामदारांच्या वाड्याच्या भिंती डोकें काढतात. लोक गाड्या करून पाहावयास येतात, छायाचित्रें काढतात व परत जातात.

या कांठच्या गांवांचें आणखी एक वैशिष्ट्य आमच्या मनांत भरलें. नकाशावर 'केत्तूर नं. १' व 'केत्तूर नं. २' अशीं नांवें आढळतात. वांगीचेही असेच क्रमांक आहेत. पुस्तकाच्या आवृत्त्यांस क्रमांक असतात हें आम्हांस ठाऊक होतें, गांवासही ते असूं शकतात हें येथें समजलें. डिकसळचा जुना रेल्वेपूल तर आगगाडीचा मार्ग हलविल्यावर पुढें कित्येक वर्षें रस्त्याचा पूल म्हणून राबला. तात्पर्य, ज्याची जागा गेली तें दुसऱ्या जागीं, दुसऱ्या कामीं व दुसऱ्या क्रमांकानें पुन्हां उभें करावयाचें, ही या मुलुखाची संवयच झाली आहे.

आमच्या स्नेह्यांचें घरही असेंच दुसऱ्या आवृत्तींतलें. नव्या गांवठाणांत तें आहे. परंतु त्याच्या दाराची चौकट, माजघराचें तुळवट व देवघरांतले देव हे जुन्या घरचे. ते सारें बैलगाडीनें कसें आणलें, पाणी उंबऱ्याशीं आल्यावरही आबांनीं, म्हणजे स्नेह्यांच्या कैलासवासी वडिलांनीं, घरांतील एकूण एक माणूस आणि एकूण एक जनावर कसें सुखरूप वर काढलें, ही कथा त्या घरांत प्रत्येक लग्नामुंजींत सांगितली जाते. आम्हींही ती दोनतीन वेळां ऐकली होती, व खरें सांगावयाचें तर ती ऐकतांना आमचें मन प्रत्येक वेळीं भरून आलें होतें.

स्नेह्यांचा तेरा वर्षांचा मुलगा त्या सुटींत रोज सायंकाळीं 'लॉस्ट इन स्पेस' नांवाची अमेरिकन मालिका पाहत असे. आजी शेजारीं वाती वळीत बसे आणि तो तिला मराठींत अर्थ सांगे. आम्हीही प्रथम सौजन्यानें व मग आवडीनें त्यांत सामील झालों. रॉबिन्सन नांवाचें एक कुटुंब पृथ्वी सोडून दुसऱ्या ताऱ्याकडे वसाहतीस निघतें आणि वाट चुकून अनोळखी ग्रहावर पडतें, एवढेंच तिचें कथानक. पण या गोष्टीची वंशावळ मात्र मोठी मौजेची आहे, ती थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

डॅनियल डीफो या इंग्रज लेखकानें १७१९ सालीं रॉबिन्सन क्रूसोची कथा लिहिली. बेटावर एकटा पडलेला मनुष्य हा तिचा विषय. पुढें योहान डाव्हिड व्हीस नांवाच्या स्विस धर्मोपदेशकानें आपल्या चार मुलांच्या शिक्षणासाठीं तीच कल्पना उचलून एकट्या मनुष्याच्या जागीं अख्खें कुटुंब घातलें. त्याच्या मुलानें तें लिखाण १८१२ सालीं प्रसिद्ध केलें. मूळ नांवाचा अर्थ 'स्विस रॉबिन्सन' इतकाच, म्हणजे रॉबिन्सन हें त्या कुटुंबाचें आडनांव नव्हतेंच. इंग्रजींत जातां जातां तें चिकटलें. १९६५ सालीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीनें या कुटुंबास बेटावरून उचलून अंतराळांत नेलें, तेव्हां हें चुकून मिळालेलें आडनांवही बरोबर नेलें. ती मालिका १९६८ मध्यें एकाएकीं बंद पडली. बिचारे रॉबिन्सन ना घरीं पोंचले ना मुक्कामीं. पुढें २०१८ ते २०२१ या वर्षांत नेटफ्लिक्सनें तीन खंडांत तीच कथा पुन्हां रचली. आम्ही पाहत होतों ती ही.

आतां या तीन रूपांतील फरक पाहा. व्हीसच्या पुस्तकांत सारी गोष्ट बाप सांगतो. झाड कोणतें, फळ कोणतें, दोर कसा वळावा, पापपुण्य कशास म्हणावें, हें सारें त्यास ठाऊक. आई स्वयंपाक करते, आणि जें जें म्हणून लागेल तें तें आपल्या पिशवींतून काढून देते. ती पिशवी वाचकांस फार प्रिय आहे, व आम्हांसही आहे. पण ती भरण्याचें श्रम व चिंता यांविषयीं बाप जवळजवळ कांहींच सांगत नाहीं. १९६५ च्या मालिकेंत आई शास्त्रज्ञ म्हणून मिरवते खरी, परंतु पडद्यावर पाहावें तर बहुधा वाढण्याच्याच कामीं दिसते. शिवाय तेथें संकट येतें तें एका लबाड परक्या मनुष्याच्या कपटानें. घर स्वच्छ, पाप बाहेरचें! आणि २०१८ च्या रचनेंत? येथें आई यानाची जाणकार; बाप सैन्यांत वर्षानुवर्षें घरापासून दूर राहिलेला; नवराबायकोंत दुरावा; थोरली मुलगी त्याची औरस नव्हे. याहून मोठी गोष्ट अशी कीं, धाकटा मुलगा या प्रवासासाठीं असलेल्या निवडपरीक्षेंत उतरलेला नसतो, व आई तो निकाल गुपचूप बदलवून घेते. पाप घरांत शिरलें आहे, आणि तें मायेच्या हातांनीं शिरलें आहे.

पहिल्या दिवशीं आजींनीं विचारलेला प्रश्न आमच्या अद्याप ध्यानांत आहे. अनोळखी बर्फांत ते पांच जण एकटे उभे होते. आजी म्हणाल्या, "आन ह्यांची भावकी? शेजारपाजार? कुनीच न्हाई?" नातू म्हणाला, "नाही गं आजी, फक्त घरातलेच." त्यावर आजी म्हणाल्या, "मग ह्यांची भांडनं कोन मिटवायचं?" आम्ही हंसलों. पण रात्रीं विचार करतां असें दिसलें कीं, व्हीसपासून आजतागाईत या कथेचा जो मूळ सिद्धांत, म्हणजे कुटुंब तेवढें शाबूत असलें कीं मनुष्यास जगांतलें दुसरें कांहीं लागत नाहीं, त्याच्या वर्मावरच त्या बाईंनीं बोट ठेविलें होतें. ज्यांचें गांव बुडालें त्यांस हें कळतें. घर उचलून नेतां येतें, चुलाभावाचा बांध व पाराचा निवाडा उचलून नेतां येत नाहीं.

निकालाचा भाग आला त्या सायंकाळीं मुलानें तो आजीस समजावून सांगितला व विचारलें, "आईनं बरोबर केलं का गं?" आजींचे हात थांबले. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "आपल्या घरातबी एक नाव असंच इकडचं तिकडं झालं हुतं." मग त्यांनीं जें सांगितलें तें असें. आबांची एक विधवा बहीण होती. ती माहेरींच राहत असे. नदीच्या अंगाचा एक लहान तुकडा तिच्या बापानें तिला तोंडी दिला होता. कागदावर तो आबांच्याच नांवें होता. धरणग्रस्तांच्या याद्या झाल्या तेव्हां कुटुंबाच्या यादींत तिचें नांव आलें नाहीं, तुकड्याचा मोबदला आबांच्या मोबदल्यांत गेला, व नवें घर उठलें तेव्हां त्यांत तिच्यासाठीं खोली निघाली नाहीं. ती सासरच्या कोणा दूरच्या नातलगाकडे गेली आणि तेथेंच वारली. "यादी करनाऱ्यानं इचारलं हुतं, घरात अजून कुनी हाय का म्हनून. हे न्हाई म्हनाले. मी दारातच हुते. मीबी गप बसले."

लग्नामुंजींत ऐकलेल्या त्या कथेंत एकूण एक माणूस वर काढला होता, हें येथें वाचकांनीं आठवावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्नेही आम्हांस मळ्याकडे घेऊन गेले. धरणानें त्यांचें जुनें शिवार घेतलें तसें नव्या शिवारास पाणीही दिलें. ऊंस आहे, केळी आहे, या बाजूची केळी आतां परदेशींही जाते. बांधावर बसून ते म्हणाले, "आईनं हे पोरापुढं काढायला नको होतं." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, दुःख होतें. त्यांचें म्हणणें आम्ही येथें आमच्या शब्दांत मांडतों, कारण तें सहज झिडकारण्यासारखें नाहीं. ते म्हणाले कीं, आबा आज उत्तर द्यावयास नाहींत. त्या दिवसांत कोणास किती जमीन मिळेल, कोठें मिळेल, मिळेल तरी कीं नाहीं, याचा कोणास पत्ता नव्हता. घाबरलेल्या मनुष्यानें घेतलेला एक निर्णय पुढच्या सुरक्षित पिढीनें खुर्चींत बसून तपासणें हा अन्याय आहे. शिवाय मुलाच्या मनांत आजोबांची जी मूर्ति आहे तिच्या आधारावर तो उद्यां कांहीं चांगलें करील. ती फोडून त्यास काय द्यावयाचें?

प्रथम आम्हांस हें पटलें होतें. आमच्या सुशिक्षित घरांतून बहुधा याच न्यायानें चालतात. वडिलांचे गुण सांगावे, दोष त्यांच्याबरोबर जावे, हा शिष्टाचार वाईट नव्हे. त्याच्यामुळें पुष्कळ घरें टिकलीं आहेत. व्हीसच्या पुस्तकाचें सामर्थ्यही त्यांतच आहे. लहान मुलास प्रथम छप्पर लागतें, छपराचा खर्च त्यानें मग विचारावा.

परंतु तें 'मग' केव्हां यावयाचें? येथें आम्हांस या बाजूच्याच दोन परंपरा आठवल्या. बारामतीचे मोरोपंत हे उजनीकांठच्यांना शेजारचेच. त्यांनीं एकशें आठ रामायणें रचिलीं अशी ख्याति आहे. एखाद्यांत ओंठ मिटावे लागतील असें एकही अक्षर येऊं द्यावयाचें नाहीं, तर दुसऱ्यांत आणखी कांहीं वेगळें बंधन पाळावयाचें, अशा त्यांच्या प्रतिज्ञा. भांडें दर वेळीं नवें, आंतलें दूध तेंच. दशरथ वचन देतो, राम वनांत जातो, सीतेचें जें व्हावयाचें तें होतें. तिच्या वांट्यास काय आलें याचा हिशेब पंतांनीं नव्यानें मांडावयास घेतलेला नाहीं, तो त्यांचा उद्योगच नव्हता. या पंडिती कौतुकाला आम्ही नांवें ठेवीत नाहीं.

दुसरी परंपरा जात्यावरची. पहाटे दळतां दळतां ज्या ओव्या बायकांनीं रचिल्या त्यांतही रामकथाच आहे. पण त्यांतला वनवास मुख्यतः सीतेचा आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवॅं यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत सीतेचा विषय पुन्हां पुन्हां येतो. या बायकांनीं कथेंतला एकही प्रसंग खोटा म्हटला नाहीं, रामास देवपणावरून उतरविलें नाहीं. त्यांनीं फक्त विचारलें कीं, याची किंमत कोणी दिली? आणि तें विचारतांना त्या स्वतः कथेच्या बाहेर उभ्या नव्हत्या. सासुरवास त्यांचाच होता.

आमच्या मतें नव्या सांगणाऱ्याच्या अधिकाराची कसोटी येथें सांपडते. स्थळ बदला, वाहन बदला, बेटाच्या जागीं ग्रह आणा, चार मुलग्यांच्या जागीं दोन मुली व एक मुलगा करा. यानें कथेची कांहीं हानि होत नाहीं. पण पूर्वीच्या सांगणाऱ्यानें लपविलेला दोष बाहेर काढावयाचा असेल, तर सांगणाऱ्याचें स्वतःचें कांहीं त्यांत पणास लागलेलें असलें पाहिजे. नुसत्या कौतुकासाठीं परक्याच्या घराची भिंत पाडून आंतली अडगळ दाखविणें हा पुनर्रचनेचा धंदा झाला, धर्म नव्हे. अलीकडच्या मालिकांत हा धंदा भरपूर चालतो. जुनी सुखी कुटुंबकथा घ्यावी, नवराबायकोंत वितुष्ट घालावें, मुलांस मनोव्यथा द्याव्या, आणि यासच सत्य म्हणावें! दुभंगलेलें तें खरें व सांधलेलें तें खोटें, हा समज पूर्वींच्या गोडगोड समजाइतकाच उथळ आहे.

२०१८ च्या रॉबिन्सनांस आम्ही या आरोपांतून अर्धें सोडतों, पुरें सोडीत नाहीं. आईच्या हातून अपराध घडवून त्यांनीं व्हीसच्या सर्वज्ञ बापापेक्षां अधिक खरें माणूस उभें केलें, यांत शंका नाहीं. पण परीक्षेंत न उतरलेला हा मुलगा ज्या जागेवर बसून गेला त्या जागेवर कोण बसूं शकलें असतें? नाश पावत चाललेल्या पृथ्वीवर मागें राहिलेल्या त्या दुसऱ्या मुलाची गोष्ट ही मालिका सांगत नाहीं. अपराध दाखविला, तो मायेपोटीं झाला म्हणून डोळ्यांस पाणी आणलें, पुढें तोच मुलगा सर्वांस तारतो असें दाखवून आईची फेड करून टाकली. ज्यानें खरी किंमत दिली तो यादींत नव्हता, तो पडद्यावरही नाहीं.

आजींनीं मात्र उलट केलें. आबांस दोष दिला तोही एकाच वाक्यांत, आणि त्याच्या पुढच्या वाक्यांत स्वतःचें नांव घातलें. बोलल्या त्या मुख्यतः यादींत नसलेल्या बाईविषयीं: ती भाकरी कशी थापी, तिला कोणता सण आवडे, जातांना तिनें कोणतें लुगडें नेसलें होतें. स्नेह्यांस वाटलें आईनें आबांची मूर्ति फोडली; आम्हांस वाटतें तिनें एक माणूस घरांत परत घेतलें. आबांनीं चौकट व तुळवट आणलें हें खोटें ठरत नाहीं. इतकें करणारा मनुष्य तेवढें एक करूं शकला नाहीं, हें त्यास जोडलें जातें. आणि तेरा वर्षांच्या मुलास एवढें पेलवत नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. आईनें बरोबर केलें का, हा प्रश्न त्यानें आपण होऊन विचारला होता. त्या प्रश्नास आजींनीं अंतराळांतलें उत्तर दिलें असतें तर तो मुलगा तें समजून चुकला असता, व पुढच्या वेळीं विचारता ना.

हें सारें आम्ही स्नेह्यांशीं इतक्या नीटपणें बोललों नाहीं. बांधावर बसून असें बोलतां येत नाहीं. "आई स्वतःलाही सोडत नाही हो," एवढेंच आम्ही म्हणालों, व तेही "ते आहेच" असें म्हणून उठले.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशीं जुनें गांवठाण पाहावयास सर्वजण गेलों. पाणी बरेंच मागें सरलें होतें. भेगाळलेल्या गाळांतून घरांचे जोते दिसत होते. ठिकठिकाणीं शिंपले व मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांचे तुकडे. आजींस धरून नेलें. आपलें जोतें त्यांनीं विचारल्यावांचून ओळखलें, आणि काठीनें एकेक जागा दाखवूं लागल्या: ही ओसरी, हें माजघर, ही गोठ्याची भिंत. मुलानें विचारलें, "आत्याआजी कुठं निजायच्या?" आजी चार पावलें सरकल्या आणि काठी टेकली. चूल व उतरंड यांच्या मधली ती जागा होती. दोन हातांहून रुंद नसेल.

स्नेही इतका वेळ जरा दूर, फुटलेल्या जात्याच्या तळीपाशीं उभे होते. ते जवळ आले आणि त्यांनीं आईस विचारलें, "तिचा तो तुकडा कुठल्या अंगाला होता?"

आजींनीं काठी उचलून नदीकडे केली. त्या अंगास अद्याप पाणी होतें.